‘मला चढत नाही’ : दारू, गाडी आणि आपला न्याय



या मालेत आम्ही सहसा ग्रंथांविषयी आणि विचारवंतांविषयी बोलतो. आजचा विषय रस्त्यावरचा आहे. दारू पिऊन गाडी चालवणं आणि त्याकडे पाहण्याची आपली, म्हणजे समाजाची, दृष्टी. आता कोणी म्हणेल, यात तत्त्वज्ञानाच्या माणसानं बोलण्यासारखं काय आहे? पिऊन गाडी चालवू नये हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अगदी मान्य. पण मग प्रश्न असा, की जे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांना पटलेलं आहे, ते इतक्या सहज मोडलं का जातं? चोरी करू नये हेही सगळ्यांना पटलेलं आहे. पण चोरी करणारा चार मित्रांसमोर खिडकी फोडत नाही. पिऊन गाडी चालवणारा मात्र चार मित्रांसमोर, त्यांचा निरोप घेऊन, त्यांनी हात हलवून ‘नीट जा रे’ म्हटल्यावर निघतो. जो नियम सगळे मानतात आणि तरी सगळ्यांच्या देखत मोडला जातो, त्याबद्दल समजावं की आपण मान्यता भलत्याच कशाला तरी दिलेली आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. आपला समाज पिण्याचा न्याय करतो, चालवण्याचा करत नाही. आणि चालवावं की नाही हे ठरवण्याची जी वेळ आपण धरली आहे, ती चुकीची आहे. एवढंच आज सांगायचं आहे.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा हा आकडा आहे. पुढच्या वर्षी, २०२३ साली, तो १ लाख ७२ हजारांच्या वर गेला. दिवसाला साडेचारशेहून जास्त. एखादं भरलेलं मोठं विमान रोज कोसळावं, तसं हे आहे. तसं विमान एकदा कोसळलं तर आपण आठवडाभर दुसरं काही बोलत नाही. रस्त्यावरचे साडेचारशे मात्र जिल्ह्याच्या पानावर चार-चार ओळींत विखुरले जातात.

यातले दारूमुळे किती? सरकारी नोंद पाहिली तर सुमारे अडीच टक्के. अतिवेगामुळे सत्तर टक्क्यांहून अधिक. हे वाचून पुष्कळांना हायसं वाटतं. म्हणतात, ‘बघा, दारूचा उगाच बाऊ करतात!’ पण ही नोंद कशी होते ते बघा. पोलिसांच्या नोंदीत एका अपघाताला साधारणपणे एकच कारण धरतात. प्यायलेला माणूस जेव्हा ठोकतो, तेव्हा पुष्कळदा वेगातच ठोकतो, मग कारण लागतं वेग. शिवाय अपघातानंतर पहिली धावपळ असते ती जीव वाचवण्याची. चालक कधी मेलेला असतो, कधी पळालेला असतो, कधी इस्पितळात असतो. रक्ताचा नमुना घ्यायला जितका उशीर, तितकं त्यातलं मद्य कमी झालेलं. तेव्हा अडीच टक्के हा आकडा दारूचा आहे असं समजू नका. तो नोंदल्या गेलेल्या दारूचा आहे. जे आपण मोजत नाही ते आपल्याला छोटं वाटतं, ही जुनी खोड आहे.

चढणं म्हणजे काय?

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम सांगतं, की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कायद्यानं ‘झिंगलेला’ असा शब्द न घालता आकडा घातला, हे ध्यानात घ्या. कारण आपल्या बोलण्यात मोजमापाचा शब्दच वेगळा आहे. आपण म्हणतो ‘चढली’ आणि ‘चढली नाही’. ‘मला नाही चढत.’ ‘आपली कपॅसिटी आहे.’ ‘बिअर काय, पाण्यासारखी.’ आता जरा हिशेब करू. ६० मिलीचा एक लार्ज घेतला आणि व्हिस्की आपल्याकडे मिळते तशी ४२.८ टक्क्यांची धरली, तर त्यात शुद्ध मद्य सुमारे वीस ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्यानं साधारण ४० मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाऊ शकते, पोट रिकामं असेल तर लवकर. म्हणजे एकाच लार्जमध्ये कायद्याची रेघ ओलांडली जाऊ शकते. वजन कमी असेल तर आणखी लवकर. बाईमाणसाच्या बाबतीत त्याच मापानं पातळी सहसा जास्त जाते. आणि ती ‘पाण्यासारखी’ बिअर? सात-आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळजवळ दोन लार्ज.

मग ‘उतरवण्याचे’ उपाय. लिंबूपाणी, कडक कॉफी, ताक, डोक्यावर गार पाणी. यांनी झोप उडेल, तोंडाचा वास थोडा कमी होईल, पण रक्तातलं मद्य कमी होत नाही. ते यकृत आपल्या चालीनं कमी करतं, तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. घाई करता येत नाही. रात्री बाराला एखाद्याची पातळी १२० असेल, तर तासाला १५ च्या हिशेबानं सकाळी सहाला ती ३० वर येते. म्हणजे झोपून, आंघोळ करून, देवाला नमस्कार करून पहाटे पाचला गाडी काढणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीनं अजून प्यायलेलाच असतो.

पण खरी गोची पुढेच आहे. मद्याचा पहिला परिणाम पायांवर होत नाही, जिभेवरही होत नाही. तो होतो तारतम्यावर. अंतराचा अंदाज, धोक्याची जाणीव आणि स्वतःविषयीचं मत, हे आधी बिघडतं. पाय लटपटायला लागतात ते फार नंतर. म्हणजे ‘मी गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का?’ हा प्रश्न ज्या बुद्धीला विचारायचा, तीच आधी बिघडलेली. मोजपट्टीच वाकलेली असेल तर तिनं मोजून काय कळणार? ‘मला चढलेली नाही’ या विधानाची किंमत, ते करणारा प्यायलेला असेल तर, शून्य आहे. तो खोटं बोलतो असं आम्ही म्हणत नाही. त्याला ते मनापासून वाटत असतं, आणि तीच अडचण आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. ब्रेकवर पाय यायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढ्या सतरा मीटरांत एक अख्खी पायवाट आणि तिच्यावरची माणसं येतात.

आपण न्याय कशाचा करतो?

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. महाराष्ट्रात दारूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक दृष्टी म्हणते, दारू हे व्यसन, पाप, घर बुडवणारी गोष्ट. या दृष्टीमागे मोठा अनुभव आहे. गावोगावच्या बायकांनी दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान घडवून आणलं आणि ‘आडवी बाटली’ला मत दिलं, ते काही हौसेनं नव्हे. त्यांनी घरात मार खाल्लेला असतो. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही दारूबंदीचे आहेत. दुसरी दृष्टी म्हणते, घेतली थोडी तर काय झालं? या दृष्टीनं गोड गोड शब्द तयार केले. ‘बसायचं का आज?’ यातलं ‘बसणं’ म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. ‘श्रमपरिहार’ हा तर इतका शुद्ध संस्कृत शब्द, की तो ऐकून कोणाला बाटली दिसणारही नाही.

वरवर बघता या दोन्ही दृष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पण गंमत बघा, दोघींचं लक्ष एकाच ठिकाणी आहे, बाटलीवर. पहिलीला वाटतं, पिणारा वाईट. म्हणून जो चांगला आहे, सुशिक्षित आहे, वर्षातून दोनदाच घेतो, तो गाडी चालवायला बसला तर तिला त्यात काही दिसत नाही, कारण तो ‘दारुडा’ नाही. दुसरीला वाटतं, ज्याला झेपते तो चांगला. म्हणून ज्याला झेपते त्यानं चालवलं तरी चालतं. दोघी माणसाचं शील तपासतात. कृती कोणीच तपासत नाही. आणि रस्त्यावर जो मरतो, त्याला चालक सज्जन होता की दुर्जन, यानं काही फरक पडत नाही.

हे सरकारी आणि न्यायालयीन पातळीवरही घडलेलं आपण पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये आदेश दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. हेतू रस्त्यावरचे मृत्यू कमी करण्याचा होता. मार्च २०१७ मध्ये वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं. मग पुढे काय झालं? काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच बदलून टाकला. काही बारमालकांनी प्रवेशाची वाट वळवून वळवून लांब केली, म्हणजे चालत मोजलं तर अंतर भरावं. सगळा देश दुकान ते रस्ता हे अंतर मोजत बसला. पण गाडीनं आलेल्या माणसाला पाचशे मीटर म्हणजे किती? अर्धं मिनिट.

बौद्ध परंपरेतलं एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. आपल्याकडे लाखो लोक पंचशील म्हणतात. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. तिथे मद्याचा उल्लेख होतो तो प्रमादाचं ठिकाण म्हणून. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, सावधानता सुटणं. दारू विटाळ आहे म्हणून नव्हे, तर तिच्यामुळे माणूस बेसावध होतो म्हणून. आणि सावधपणाची गरज गाडी चालवताना जितकी असते तितकी रोजच्या जगण्यात दुसरीकडे क्वचितच. कारण तिथे आपल्या गाफीलपणाचं मोल दुसरा मोजतो.

नीट पोचलो, म्हणजे बरोबर केलं?

थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ या कल्पनेवर एक निबंध वाचला. बर्नार्ड विल्यम्स यांचा त्याच विषयावरचा निबंध त्याच परिसंवादातला. नेगेल यांनी जी उदाहरणं घेतली, त्यांत प्यायलेल्या चालकाचं एक आहे. ते आपल्या पद्धतीनं मांडू. दोन मित्र एकाच ठिकाणी बसले, सारखंच प्यायले, दोघेही आपापली गाडी घेऊन निघाले. दोघांच्याही गाड्या वळणावर फुटपाथवर चढल्या. एकाच्या फुटपाथवर कोणी नव्हतं. दुसऱ्याच्या फुटपाथवर माणसं झोपलेली होती. पहिला घरी जाऊन झोपला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं हा किस्सा हसत सांगितला. दुसरा तुरुंगात गेला. दोघांनी केलं काय? अगदी एकच गोष्ट. फरक पडला तो फुटपाथवर कोण होतं यानं, आणि ते दोघांच्याही हातात नव्हतं.

कायदा परिणामाप्रमाणे शिक्षा कमी-जास्त करतो, त्याला त्याची कारणं आहेत. पण समाज म्हणून आपण काय करतो? पहिल्या मित्राला पूर्ण माफ करतो. नुसतं माफ करत नाही, तर त्याचं नीट पोचणं हा पुरावा मानतो. ‘वीस वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही.’ प्रत्येक सुखरूप रात्र त्याच्या आत्मविश्वासात जमा होते. तर्कशास्त्रात ही चूक ओळखायला शिकवतात. पाच वेळा नाणं छाप पडलं, म्हणून ते छापच पडणारं नाणं ठरत नाही. सुखरूप पोचणं हा गुण नव्हे. पुष्कळदा समोर कोणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आणि कोणी समोर असलं, मेलं, तर आपली भाषा मदतीला येते. ‘त्याची वेळ भरली होती.’ ‘अपघात झाला.’ जसा पाऊस झाला, तसा अपघात झाला. कर्ताच नाही. खरं तर त्या शब्दात ‘घात’ आहे, आणि मराठीत घात आपोआप होत नाही, कोणीतरी करतं. विश्वासघात कोणीतरी करतं. पण रस्त्यावर आला की तोच शब्द निर्दोष होतो.

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ ला पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची मोटार फुटपाथवर चढली. तिथे झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात १०० मिलीला ११२ मिलिग्रॅम मद्य सापडलं होतं. गाडीत त्याचे मित्रही होते. खालच्या न्यायालयानं निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षं केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. अशा प्रत्येक प्रकरणानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पण फुटपाथवर झोपायचंच कशाला?’ हे वाक्य कोणत्या सामाजिक अंतरावरून येतं ते सांगायला नको. रस्ते बांधणारी माणसं रस्त्याच्या कडेला झोपतात, कारण त्यांना दुसरीकडे जागा नसते.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून दोषाबद्दल आम्ही काही बोलणार नाही. पण लोकांच्या रागाबद्दल बोलता येईल. तीनशे शब्दांचा निबंध, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, पैसा, वय, महागडी गाडी, या सगळ्यावर महाराष्ट्र संतापला आणि ते योग्यच होतं. फक्त एक गोष्ट त्या रागात निसटली. ‘श्रीमंताचा पोरगा’ म्हटलं की आपण सगळे बाहेर राहतो. आपली दुचाकी, आपली हप्त्यावरची मोटार, आपल्या भावाच्या हळदीतून रात्री परतणं, हे त्या रागाच्या कक्षेत येतच नाही. २०२२ च्या मृतांपैकी जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. हा महागड्या गाड्यांचा प्रश्न नाही. आपलाच आहे.

ठरवण्याची वेळ

आता अ‍ॅरिस्टॉटल. त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक जुना ग्रीक नियम येतो. लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनी नगरीचा शासक पिट्टाकस यानं कायदा केला होता, की नशेत केलेल्या गुन्ह्याला शिक्षा दुप्पट. आपल्याला उलट वाटतं. नशेत होता, त्याला कळत नव्हतं, मग शिक्षा कमी हवी ना? अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर असं, की कळत नव्हतं हे खरं, पण न कळण्याच्या स्थितीत जाणं त्याच्या हातात होतं. कृतीचा उगम त्याच्यातच आहे. भारतीय दंडविधानानंही स्वतःहून केलेल्या नशेला सबब मानलं नाही, आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे.

यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष असा. ठरवायची वेळ रात्री साडेबाराची नाही. त्या वेळी ठरवणारा माणूसच हजर नसतो. ठरवायची वेळ संध्याकाळी सातची आहे, पहिल्या ग्लासाआधीची, जेव्हा बुद्धी जाग्यावर असते. ‘बघू, जास्त झाली तर रिक्षा करू’ हे ठरवणं नव्हे. तो निर्णय त्या वाकलेल्या मोजपट्टीवर सोपवणं आहे. ठरवणं म्हणजे, आज घेणार असू तर गाडी घरी. गाडी आणली असेल तर आज घेणार नाही. आणि गाडीही आणली, घेणंही झालं, तर किल्ली पहिल्या घोटाआधी दुसऱ्याच्या हातात.

इथे एक अवघड गोष्ट आहे, आणि ती आपल्या घराघरातली आहे. किल्ली मागणार कोण? आपल्याकडे वयाचा मान आहे, नात्याचा मान आहे. काकांना पुतण्या कसा म्हणेल, ‘काका, किल्ली द्या’? साहेबांना हाताखालचा माणूस कसा म्हणेल? जावयाला सासरे कसे म्हणतील? आणि बायको? तिला तर सगळं दिसत असतं. चारचौघांत तमाशा नको म्हणून ती गप्प राहते, पोराला मधे घेते आणि स्कूटरवर मागे बसते. ज्याला धोका सगळ्यात स्पष्ट दिसतो, त्यालाच बोलण्याचा अधिकार नाही, अशी ही रचना आहे. मान राखायला म्हणून आपण जीव पणाला लावतो. म्हणून आमचं म्हणणं, की हे बोलण्याचं ओझं तिच्यावर टाकू नका. ते यजमानानं उचलावं, आणि सुरुवातीलाच उचलावं. ‘आज गाडी कोण चालवणार आहे?’ हा प्रश्न सात वाजता विचारला तर तो पाहुणचार असतो. साडेबाराला विचारला तर अपमान वाटतो.

दुसऱ्या देशांत दृष्टी बदलली ती कशी?

दृष्टी बदलते का? बदलते. ब्रिटनमध्ये बार्बरा कॅसल या मंत्रीबाईंच्या काळात १९६७ मध्ये श्वासचाचणी आली आणि १०० मिलीला ८० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. केवढा गदारोळ झाला! बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नाही, यावरून टोमणे झाले, पबवाले चिडले. पण पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून जास्त कमी झाले. पुढे तपासणी फारशी होत नाही हे लोकांना कळलं, तशी भीती ओसरली आणि परिणाम बराचसा विरला. मग पुन्हा वर्षानुवर्षं प्रचार, तपासणी, आणि हळूहळू पिऊन चालवणं लाजिरवाणं ठरलं. इंग्लंडमध्ये मर्यादा आजही ८० च आहे. आपली ३०. कागदावर आपण त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक! बेकारियानं १७६४ मध्ये लिहून ठेवलं, की शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती किती अटळ आहे, यावर तिचा धाक ठरतो. आपल्याकडे नाकाबंदी कधी लागते हे सगळ्यांना पाठ आहे. थर्टी फर्स्टला आणि गटारीला. उरलेल्या दिवसांचं काय? आणि त्या दोन दिवशीही ‘अमुक पुलाखाली नाका लागलाय’ हे मोबाइलवर फिरतं. असा निरोप पाठवणारा स्वतःला मदत करणारा समजतो.

जपानचं उदाहरण आम्हाला जास्त शिकवणारं वाटतं, कारण त्यांची मर्यादा आपल्याइतकीच आहे, ३०. तिथे ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका शहरात एका प्यायलेल्या चालकानं मागून धडक दिली, समोरची गाडी पुलावरून समुद्रात पडली आणि तीन भावंडं बुडाली. देश हादरला. २००७ मध्ये त्यांनी कायदा बदलला. नुसत्या चालकाची शिक्षा वाढवून ते थांबले नाहीत. प्यायलेल्याला गाडी देणारा, चालवणार हे माहीत असून त्याला दारू देणारा, आणि तो प्यायला आहे हे माहीत असताना त्याला ‘मला सोड’ म्हणून शेजारी बसणारा, हे सगळे शिक्षेला पात्र झाले. म्हणजे कायद्यानंच सांगितलं, ही मैफल ज्यांची, जबाबदारीही त्यांची. त्याबरोबर सोयही आहे. तुमची गाडी तुमच्यासकट घरी नेऊन सोडणारे चालक तिथे सहज मिळतात. २००० साली तिथे मद्यामुळे झालेले जीवघेणे अपघात बाराशेच्या वर होते. पंधरा-सोळा वर्षांत ते दोनशेच्या आसपास आले. जपानी माणूस काही दारू सोडून बसलेला नाही. तो पितो, त्याच्या कचेरीतल्या मैफली प्रसिद्ध आहेत. त्यांनी पिणं आणि चालवणं एकमेकांपासून वेगळं काढलं.

आपल्याकडे हे करायचं तर शासनाचं काम आहेच. रात्री अकरानंतर एसटी नाही, रिक्षावाला यायला तयार नाही, तालुक्याच्या गावी टॅक्सी नाही, अशा ठिकाणी नुसता उपदेश पोकळ वाटतो. तिथे मुक्कामाची सोय हाच उपाय. आपली जुनी घरं आठवा, पाहुणा रात्री निघाला तर यजमानाला कमीपणा वाटायचा. ‘आता कुठे जाता, सकाळी जा’ हे वाक्य आपल्याच भाषेतलं आहे. फक्त सकाळी म्हणजे उजाडल्या उजाडल्या नव्हे, तो हिशेब मघाशी आपण केला.

वेळ झाली. चिठ्ठ्यांवर दोन प्रश्न आलेले आहेत, तेवढे घेऊ.

प्रश्न : सरळ दारूबंदी केली तर हा प्रश्नच उरणार नाही, नाही का?

दारूबंदी हवी की नको, यावर प्रामाणिक माणसांचे दोन पक्ष आहेत आणि घरात मार खाणाऱ्या बाईचा आवाज त्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे असं आम्ही मानतो. पण तो वाद मिटेपर्यंत हा थांबवता येणार नाही. आज रात्री कोणीतरी पिणार आहे, आणि त्याच्या खिशात किल्ली आहे. दारू पाप आहे असं मानणारा आणि नाही असं मानणारा, दोघांनाही त्या किल्लीविषयी एकमत व्हायला काहीच अडचण नाही. तेवढं एकमत आधी करू, मग बाकीचं भांडू.

प्रश्न : मी स्वतः पीत नाही. मग या सगळ्यात माझी जबाबदारी काय?

हा प्रश्न विचारला हे फार बरं झालं. न पिणारा हाच त्या बैठकीतला एकमेव माणूस असतो, ज्याची मोजपट्टी साडेबारालाही सरळ असते. बहुतेक वेळा तो कंटाळून लवकर निघून जातो, किंवा ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प बसतो. आमची विनंती अशी की निघून जाऊ नका. तुम्ही आहात म्हणून सात वाजताच सांगा, की किल्ल्या माझ्याकडे ठेवा, शेवटी सगळ्यांना मी सोडतो. लोक दोन दिवस चेष्टा करतील. तिसऱ्यांदा बसायचं ठरवतील तेव्हा तुम्हाला आधी फोन करतील, की येतोयस ना? आणि मागे स्कूटरवर बसणाऱ्या त्या बाईला त्या रात्री काही बोलावंच लागणार नाही.